गिअरबॉक्स गेला, म्हणजे नेमकं काय गेलं?

तेरच्या रस्त्यांवर एमएच २५च्या गर्दीत मधूनच एखादी एमएच १२ किंवा एमएच १४ दिसते. ती पाहुण्यांचीच असते असं नाही. पुण्यात, पिंपरी-चिंचवडला नोकरी करणारा मुलगा नवी गाडी घेतो, जुनीला एक्स्चेंजमध्ये धड भाव येत नाही, मग ती गावाकडे येते. "दवाखान्याला, लग्नकार्याला होईल तुम्हाला." अशा आलेल्या गाड्यांत हल्ली ऑटोमॅटिक दिसू लागल्या आहेत. शहरातल्या ट्रॅफिकला वैतागून ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने ऑटोमॅटिक घेतली, त्यांच्या गाड्यांची ही निवृत्ती. आणि घरी ती चालवणाऱ्यांचे गुडघे तोवर बोलायला लागलेले असतात. डाव्या पायाला क्लच नको, ही सोय तिथे चैन राहत नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला ‘बिघाड’. नात्यांतला, राजकारणातला, हवामानातला बिघाड लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हाताला काळं लागेल असा बिघाड हवा होता. तेरचे एक निवृत्त मुख्याध्यापक ओळखीचे. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्या मुलाने पाठवलेली जपानी कंपनीची सेडान, २०१० सालची, सव्वा लाख किलोमीटर झालेली, दारात उभी होती. सकाळी लिव्हर ‘डी’ला टाकला की गाडी तीन-चार सेकंद विचार करायची आणि मग धाडकन पुढे सरकायची. तास-दीड तास चालून तापली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. डॅशबोर्डवरचं ‘डी’ अक्षर उघडमीट करायला लागलं, तेव्हा गुरुजींनी एका मोठ्या वर्कशॉपला फोन केला. तिकडून गाडी न बघताच उत्तर आलं: गिअरबॉक्स गेला. नवा लाखाच्या पुढे. जुन्या गाडीला एवढा खर्च करू नका, विकून टाका.

तसं पाहिलं तर हा हिशेब बरोबर होता. गाडीचीच किंमत दीड-दोन लाख. पण ‘गेला’ हे निदान झालं का, एवढं मला बघायचं होतं.

चार भावंडं, एकच नाव

धाराशिवकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज आहे. मिस्त्री पंचेचाळिशीचे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, मारुती यांत सगळं आयुष्य गेलेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "ऑटोमॅटिक म्हंजी कुठलं ऑटोमॅटिक?"

लोक क्लच नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात. आत मात्र चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. २०१४ साली मारुतीने सेलेरियो आणली तेव्हापासून खेड्यापाड्यांत पोचलं ते एएमटी. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाच्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. ती झटके द्यायला लागली तर क्लचप्लेट, ती हलवणारा अ‍ॅक्च्युएटर आणि त्याचं तेल बघायचं. गावच्या मिस्त्रीला यातलं निम्मं आधीच येत असतं. दुसरं सीव्हीटी. त्यात गिअर नसतातच, पोलादी पट्टा दोन पुलींवर फिरतो आणि पुलींची रुंदी बदलते. तिसरं ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आणि त्यांना हुकूम सोडणारा संगणक. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यामुळे हे नाव मराठवाड्याला अगदीच परकं नाही.

चौथं आणि सगळ्यांत जुनं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवालं, गुरुजींच्या गाडीतलं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पक्का सांधाच नसतो. पात्यांची दोन चाकं समोरासमोर, मध्ये तेल आणि एक छोटं चाक. इंजिनाकडचं चाक तेल फेकतं, त्या मारानं पलीकडचं फिरतं. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने ही कल्पना १९०५ साली पेटंट केली ती जहाजांसाठी. जनरल मोटर्सने तेलावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘हायड्रामॅटिक’ या नावाने १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवला आणि तो मोठ्या संख्येने रस्त्यावर आला. कन्व्हर्टरच्या पुढे तेलातच बुडालेल्या क्लचप्लेटींचे गठ्ठे असतात. कुठल्या गठ्ठ्यावर तेलाचा दाब द्यायचा हे ठरलं की गिअर ठरला.

म्हणजे या पेटीत तेल नुसतं वंगण नसतं. शक्ती तेच पोचवतं, गिअर तेच बदलतं, उष्णताही तेच बाहेर नेतं. म्हणून तपासणी सुरू होते ती तेलापासून.

पट्टी, फडकं आणि पान

मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन गरम होऊ दिलं आणि चालू इंजिनावर तेलाची पट्टी ओढली. त्यांनी एका जीपवर तसं शिकलेलं. गुरुजी आयुष्यभर मास्तर. त्यांनी डॅशबोर्डच्या खणातून कंपनीचं पुस्तक काढलं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पहिल्या मालकाने, म्हणजे त्यांच्याच मुलाने, ते उघडलेलं नव्हतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: इंजिन गरम करा, बंद करा, आणि दीड मिनिटाच्या आत पट्टी बघा. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून मग तेल मोजतात. या गाडीत तसं मोजलं तर पातळी कमी दिसते, माणूस वरून तेल ओततो, आणि जास्त तेलाचा फेस होऊन दाब पडतो. दुरुस्तीच्या नावाखाली नवा बिघाड.

पुन्हा मोजलं. पातळी तरीही खालच्या खुणेच्या खालीच.

मग फडक्यावर थेंब. नवं तेल लालसर, पारदर्शक असतं. वापरात ते तपकिरी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तेल मिल्कशेकसारखं गुलाबी, दाट झालं असेल तर मात्र रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी तेलात शिरलंय असं समजायचं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही, कारण क्लचप्लेटींवरचं अस्तर पाण्याने सुटतं. काळं तेल आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटी घसरून जळताहेत. गुरुजींच्या गाडीचं तेल काळपट होतं, वास होता, पण थोडा. मिस्त्री फडकं नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले. "जळलंय, पण राख न्हाई झालं."

तेल कमी झालं तर गेलं कुठे? हे बंद पेटीतलं तेल. ते जळून संपत नाही, गळतं. समोरचा बंपर सैल करून पाहिलं तर कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लिप ढिला, आणि खाली महिनोन्महिन्यांच्या धुळीने लेपून गेलेला ओलावा. थेंब जमिनीवर पडण्याआधीच धूळ तो पीत होती, म्हणून दारात कधी डाग दिसला नाही. शिवाय मध्ये कुणीतरी ‘लाल तेल आहे, चालतंय’ म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतल्याचं गुरुजींना आठवलं. चालत नाही. प्लेटींनी किती पटकन धरायचं, हे तेलातल्या रसायनांवर ठरतं आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो.

गोरोबाकाकांचं थापटणं

तेरमध्ये तपासणीची गोष्ट निघाली की कुणीतरी गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, नाव काढणारच. तेरणेकाठी त्यांचं समाधिमंदिर आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ. गॅरेजमध्ये चहाला थांबलेल्या एकाने ती काढलीच: "मिस्त्री, मारा थापटणं, कच्चंय का पक्कं कळंल."

गंमत सोडा, पण यात एक बारीक मुद्दा आहे. कुंभाराला कच्चं मडकं ओळखू येतं कारण पक्क्या मडक्याचा आवाज त्याने हजारदा ऐकलेला असतो. आमच्या मिस्त्रींनी साध्या गिअरबॉक्सचा निरोगी आवाज असाच हजारदा ऐकलाय. चालत्या गाडीत नुसता लिव्हरवर हात ठेवून ते कुठलं बेअरिंग बोलतंय हे सांगतात. निरोगी टॉर्क कन्व्हर्टर मात्र त्यांच्याकडे येतच नाही. ऑटोमॅटिक गाडी गॅरेजला येते ती बिघडल्यावरच. ‘डी’ला टाकल्यावर गाडीने किती वेळात धरायला हवं, हलका हिसका ठीक की बेठीक, याची मोजपट्टीच हाताशी नाही. ‘गेला’ हा निकाल इतक्या झटकन येतो, त्याचं मला तरी हेच मोठं कारण वाटतं. हुशारी कमी पडत नाही, तुलना कमी पडते.

पुस्तकी जगात याला स्टॉल टेस्ट आहे. चाकांच्या पुढे-मागे दगड, हँडब्रेक, पाय ब्रेकवर गच्च, लिव्हर ‘डी’ला आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, पाच सेकंदांच्या वर नाही. इंजिनाचे फेरे ठरल्यापेक्षा जास्त चढले तर आत प्लेटी घसरताहेत. कमीच राहिले तर इंजिनच अशक्त, किंवा कन्व्हर्टरच्या मधल्या चाकाचा एकमार्गी क्लच नादुरुस्त. चाचणी उपयोगी आहे आणि राक्षसी आहे. त्या पाच सेकंदांत इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. आधीच तेल कमी असलेल्या पेटीवर ती करू नये. मिस्त्रींनी केली नाही, ते बरंच झालं.

त्याऐवजी त्यांनी स्वस्त कारणं आधी निकालात काढली. बॅटरीचा व्होल्टेज तपासला, कारण वीज कमी पडली की गिअरचा संगणक वेड्यासारखा वागतो. इंजिनाचे माउंटिंग रबर पाहिले. ते फाटले असतील तर ‘डी’ला टाकताना बसणारा धक्का गिअरबॉक्सचा वाटतो. वायरी पाहिल्या. गावात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर राहायला येतात आणि सेन्सरची वायर कुरतडतात. लिव्हर ‘पी’मधून हलतच नाही अशी तक्रार घेऊन एक गाडी मागे त्यांच्याकडे आली होती. दोष निघाला ब्रेकलाइटच्या स्विचचा. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळत नव्हतं, म्हणून कुलूप सुटत नव्हतं. तो मालक गिअरबॉक्सची चौकशी करत पुण्यापर्यंत जाऊन आला होता.

ट्रॉलीमागे

गाडी पुण्यात दहा वर्षं बरी होती आणि गावाकडे येऊन दोन हंगामांत का बिघडली, याचं उत्तर गळतीत जेवढं आहे तेवढंच रस्त्यावर आहे. गळीत हंगामात ढोकी, मुरूड, लातूरच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांच्यामागे गाडी ताशी पंधरा-वीसने रांगते. कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप नावाचा एक क्लच असतो. वेग बऱ्यापैकी आला की तो इंजिन आणि गिअर यांना सरळ जोडून टाकतो आणि तेलातली घसर थांबते. रांगत्या वेगाला तो लागत नाही. मग घसरीत वाया जाणारी सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. त्यात एप्रिल-मेमधलं इथलं ऊन, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचटाचा भुसा. मिस्त्रींनी पाइपच्या पाण्याने जाळी धुतली तेव्हा निघालेला गाळ बघून गुरुजी म्हणाले, "एवढ्यात एक कुंडी भरेल."

दर दहा-अकरा अंश सेल्सियस तापमान वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. गाड्यांच्या माहितीपत्रकात मात्र ‘आयुष्यभराचं तेल’ असे शब्द सर्रास असतात. कोणाचं आयुष्य, ते लिहिलेलं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः आपल्या पेट्यांचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा आठ वर्षांनी, बदलायला सांगते. गुरुजींच्या गाडीचं तेल सव्वा लाखात एकदाही बदललेलं नव्हतं.

आणि बंद पडलेली गाडी गावात कशी आणतात? दोर बांधून, ट्रॅक्टरच्या मागे, लिव्हर ‘एन’ला. साध्या गाडीला काही होत नाही. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि ओढत नेताना चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरत राहतात. ओढत आणलेली किरकोळ बिघाडाची गाडी गॅरेजला पोचेपर्यंत मोठ्या बिघाडाची होते. जी चाकं इंजिनावर फिरतात ती जमिनीवरून उचलायला हवीत, नाहीतर सरळ सपाट ट्रकवर घालायला हवी. धक्का मारून ती चालू होत नाही, हेही चार तरुणांना घाम गाळल्यावर कळतं.

आकड्यांची भाषा

लातूरहून एक तरुण स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली. पहिला कोड पी ०७००. याचा अर्थ फक्त एवढाच की गिअरच्या संगणकाला काहीतरी सांगायचंय. हजार रुपयांच्या आत मिळणारे ब्लूटूथवाले छोटे स्कॅनर बरेचदा इथेच थांबतात आणि मालकही इथेच थांबतो. मोठ्या स्कॅनरने पुढचं वाचलं: पी ०७३०, गिअरचं प्रमाण जुळत नाही. आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट यांच्या फेऱ्यांचा भागाकार तिसऱ्या गिअरला यायला हवा तसा येत नव्हता. म्हणजे घसर. पण का घसरतंय, हे कोड सांगत नाही. प्लेटी झिजल्या असतील, किंवा प्लेटी ठीक असून त्यांना दाबणारं तेलच कमी दाबाने येत असेल. पहिल्याला पेटी उतरवावी लागते, दुसऱ्याला कधीकधी नाही.

तेल पेटीचं आतून काय करतं याचा जगजाहीर दाखला २०१३चा आहे. फोक्सवॅगनने त्या वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या सात गिअरच्या ड्युअल क्लच पेटीतलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी परत बोलावल्या. उष्ण, दमट हवेत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. गाडीची ताकद गेली म्हणून तक्रार करणाऱ्याला तेलाचा संशय कुठून येणार?

मिस्त्रींनी क्लिप बदलला, खालचा नट काढला. नटाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप होता, बोटावर घेतला तर पीठ. हा सव्वा लाखाचा नैसर्गिक झिजेचा हिशेब. चकत्या, कण किंवा पितळी चमक असती तर तिथेच थांबायचं होतं. पेटीत सहा लिटरच्या आसपास तेल, पण नट काढल्यावर अडीच लिटरच येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून भरायचं, थोडं चालवायचं, पुन्हा काढायचं, असं करत जुनं पातळ करत न्यायचं. पुस्तकात लिहिलेलं तेल पुण्याच्या नाना पेठेतून मागवलं आणि ते एसटीच्या पार्सलने आलं. भडोच बंदराला तगर, म्हणजे हेच तेर, इथून बैलगाड्यांनी कापड जात असे, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलंय. व्यापारी मार्गावरच्या या गावाला आता तीन डबे तेलासाठी दोन दिवस थांबावं लागतं, याची गुरुजींना गंमत वाटत होती.

मग खरी बघण्यासारखी गोष्ट झाली. या गाडीत तेलाचा दाब ठरवणारे सोलेनॉइड पेटीच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने बसवलेले असतात. पेटी न उतरवता निघतात. जोडीच होती. गास्केटमधली बारीक जाळी काळ्या चिकट गाळाने अर्धी बुजलेली. जाळी धुऊन, सोलेनॉइड पुसून मिस्त्रींनी बॅटरीच्या दोन वायरी एकाला क्षणभर टेकवल्या: टक्. दुसऱ्याला टेकवल्या: एक मंद, ओला आवाज. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. त्यांचा चेहरा उजळला. निरोगी आवाज कसा असतो हे त्यांना आता माहीत होतं, कारण निरोगी जोडीदार शेजारीच पडला होता. "ह्यो बगा, ह्यो आजारी." मल्टिमीटरने दोन्हींचा रोध सारखाच दाखवला होता, वीज नीट होती, आतला दांडा अडकत होता. मीटरने चुकवलेलं कानाने धरलं.

हिशेब

नवा सोलेनॉइड, गास्केट, क्लिप, तेल आणि मजुरी मिळून खर्च काही हजारांत बसला. सकाळचं अडखळणं थांबलं. ‘डी’ची उघडमीट गेली. येडशीकडे बालाघाटाच्या चढाला गाडी तापवून पाहिली तेव्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना किंचित घसर अजून जाणवली. मिस्त्रींनी ती लपवली नाही. तिसऱ्या गिअरच्या प्लेटी थोड्या करपल्यात, त्या आता नव्या होणार नाहीत. हळू चालवली, ओझं घातलं नाही, तेल वेळेवर बदललं तर दोन-तीन वर्षं काढील, म्हणाले. त्यापुढे पेटी उतरवावीच लागेल, आणि तेव्हा कुर्ल्याच्या जुन्या मालातली पेटी घ्यायची की गाडी मोडीत द्यायची, हे गुरुजींच्या मुलाने ठरवावं. मला हा निकाल प्रामाणिक वाटला. फोनवरचा निकाल शेवटी कदाचित खराही ठरेल, पण तो निघाला तेव्हा त्यामागे एकही पुरावा नव्हता.

पुण्या-मुंबईहून जुनी ऑटोमॅटिक गावाकडे आई-वडलांना पाठवणाऱ्यांना एक विनंती. चाव्यांबरोबर कंपनीचं पुस्तक द्या. त्यात एका कागदावर गिअरच्या तेलाचं नेमकं नाव, ते शेवटचं किती किलोमीटरला बदललं, आणि गाडी कधी अडखळली होती का, हे खरं लिहा. ‘बंद पडली तर दोर बांधून ओढू नका’ हे मोठ्या अक्षरांत लिहा. तेल कधीच बदललं नसेल, तर गाडी पाठवण्याआधी बदलून घ्या. तेरमध्ये ते तेल मिळत नाही.